अव्वा स्वप्नात काय म्हणाली

बावीसपर्यंत मोजून झालं तरी ह्यांचा श्वास येईना.

दुपारचे दोन वाजले होते. दुकानाच्या फळ्या लावलेल्या, मागच्या सोप्यात कॉटवर हे उताणे पडलेले, आणि मी शेजारी बसून लसूण सोलत होते. आमचं भडंगाचं दुकान, पलूसला एस.टी. स्टँडच्या समोर. सकाळी सहाला कढई चढते, एकपर्यंत माल संपतो, आणि मग जेवून दोन तास आमच्या ह्यांची झोप. झोप कसली, पिठाची गिरणीच ती. स्टँडवरच्या माणसांनासुद्धा कळायचं, विरूपाक्षअण्णा शेटे झोपले म्हणून. पण घोरणं चालू असलं की मला काळजी नसायची. घोरता घोरता ते एकदम बंद पडलं की माझ्या हातातली पाकळी तशीच राहायची आणि मी मोजायला लागायचे.

तेवीस. चोवीस. ओठ जांभळे दिसायला लागले. पंचविसाला मी पाटी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी त्यांना असं गदागदा हलवलं की कॉट भिंतीवर आपटली.

हे घशातनं मोठा आवाज काढत उठून बसले. कपाळावर घाम, डोळे लाल. जरा दम खाल्ला आणि माझ्यावरच डाफरले.

"घात केलास बघ! बोलाय लागली हुती अव्वा! आन् तू उठीवलंस!"

"श्वास बंद पडला होता तुमचा."

"श्वास कुठं जातोय? तोंड उघडलं हुतं तिनं, महानंदा. आज सांगणारच हुती."

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. त्यांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. शेट्यांचं भडंग नावाला आलं ते त्यांच्या मसाल्यामुळं. तो मसाला त्या दार लावून करायच्या आणि त्याचं प्रमाण त्यांनी पोटच्या एकाही पोराला सांगितलं नव्हतं. त्या गेल्या आणि मसाला माझ्याकडं आला. माल रोज संपत होता, गिऱ्हाईक तक्रार करत नव्हतं. तक्रार एकट्या ह्यांची. पहिला घाणा निघाला की चार दाणे तोंडात टाकायचे, डोळे मिटायचे आणि मान हलवायची. "अव्वाच्या हाताची चव न्हाई. कायतरी ऱ्हायलंय." तेही गिऱ्हाइकासमोर! माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबायच्या की काय सांगू.

त्यात हे स्वप्न. आठवड्यातनं दोन-तीनदा पडायचं आणि दर वेळी तेच. अव्वा कढईपाशी उभी राहून म्हणते, "विरू, मसाल्यात काय ऱ्हायलंय सांगू का?" तेवढ्यात कृष्णेचं पाणी दारातनं आत शिरतं. गुडघ्याएवढं, छातीएवढं, मग थेट ह्यांच्या नाकातोंडात. अव्वा बोलायला तोंड उघडते आणि ह्यांना जाग येते. ह्यांच्या मते पाणी हा देवाचा कोप होता आणि जाग ही माझी करणी.

मला त्या मसाल्याचं काही पडलं नव्हतं. मला एकच भीती होती, की एखाद्या दिवशी मी लसूण सोलायला शेजारी नसेन आणि माझ्याऐवजी मोजायला कुणीच नसेल.

दवाखान्याचं नाव काढलं की हे उठून जायचे. शेवटी कढईनंच त्यांना दवाखाना दाखवला. एका सकाळी तेलात लसूण टाकला आणि उलथनं हातात धरून हे उभ्या उभ्या झोपले. कोपर कढईच्या काठाला टेकलं. ओरडा ऐकून मी धावले तर कोपर भाजलेलं, लसूण काळा ठिक्कर पडलेला, दुकानभर धूर.

"अहो, एवढा करपला, वास तरी आला नाही का?"

"कसला वास?" हे कोपरावर फुंकर मारत म्हणाले.

मला वाटलं, चूक कबूल करायची नाही म्हणून मुद्दाम बोलतायत.

आमची थोरली मुलगी शैला मिरजेला दिली आहे. तिनं त्याच आठवड्यात तिथल्या एका डॉक्टरबाईंचा नंबर लावला. नाक-कान-घशाच्या त्या. वयानं आमच्या शैलाएवढ्याच, पण नजर मास्तरणीची. झोपेची तपासणी झाली आणि कागद समोर ठेवून त्या म्हणाल्या, "काका, तासाला चाळीस वेळा तुमचा श्वास थांबतो."

"मला तर कधी थांबलेला दिसला न्हाई," हे म्हणाले.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "मला दिसतो. परवा पंचवीसपर्यंत मोजला."

मग त्यांनी ह्यांच्या नाकात बॅटरी मारून पाहिलं. "आत द्राक्षाच्या मण्यांसारखं मांस वाढलंय. आधी नाक उघडायला लागेल. दहा दिवस गोळ्या आणि रोज हा फवारा. मग झोपताना हे मशीन लावायचं. दुपारी झोपलात तरी लावायचं. ते हवा आत ढकलत राहतं, म्हणजे घसा मिटत नाही."

"आन् सपनं?" ह्यांनी एकदम विचारलं.

"काय?"

"मशीन लावल्यावर सपनं पडत्यात का बंद हुत्यात?"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यामुळंच त्या मला आवडल्या. "श्वास अडला की मेंदू तुम्हाला दचकून उठवतो. त्यामुळं स्वप्नांची झोप कधी पुरीच होत नाही. मशीन लावलं की पहिले काही दिवस खूप स्वप्नं पडतात काहींना. लांबलचक, अगदी समोर घडल्यासारखी. बुडण्याची, गुदमरण्याची वाईट स्वप्नं मात्र बहुतेकांची कमी होतात."

हे वाक्य मी पदराला गाठ मारून घरी आणलं.

गोळ्या झाल्या, फवारा चालू झाला, मशीन आलं. कॉटशेजारी स्टुलावर ठेवलं. एक नळी आणि नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मुखवटा. हे लांबूनच त्याच्याभोवती फिरले.

"मी न्हाई लावणार."

"का?"

"अव्वा आली आन् माझ्या तोंडाला ही सोंड बघितली, तर उंबऱ्यावरनंच माघारी जाईल. चार वर्षं हेलपाटं घालतीया ती माझ्यासाठी."

त्या दिवशी मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी जेवताना ह्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि सहज बोलल्यासारखं म्हटलं, "एक विचार आला मनात. आत्याबाई रोज येतात, बोलायला तोंड उघडतात. त्यांचं काही चुकत नाही. ऐन वेळी तुमचा श्वास अडतो आणि मेंदू तुम्हाला उठवतो. म्हणजे त्यांच्या तोंडावर दार कोण लावतंय?"

ह्यांचा घास हातातच राहिला.

"तुमचंच नाक लावतंय," मी म्हटलं. "म्हातारं माणूस ते. किती दिवस येईल? एखाद्या दिवशी कंटाळून यायचं बंद होईल."

"यायची बंद हुईल?"

हे त्यांनी इतक्या बारीक आवाजात विचारलं की माझं मलाच वाईट वाटलं. पण ओठ जांभळे झालेले मी पाहिले होते. मी मागं हटले नाही.

"डॉक्टरबाई काय म्हणाल्या? मशीन लावलं की स्वप्नं लांब पडतात, समोर घडल्यासारखी. मी कुठं माझ्या मनचं सांगतेय?"

"म्हंजी मशीन लावलं तर अव्वा पुरं बोलंल?"

"मला काय ठाऊक? मी आपली सून. मला कोण सांगतंय?"

भाकरी संपायच्या आत मासा गळाला लागला. पण एक गोष्ट मी धरून चालले नव्हते. ह्यांनी हात धुतला आणि पहिला फोन अथणीला, थोरल्या बहिणीला लावला.

गौराक्का दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या गाडीनं उतरल्या. काखेत बोचकं, हातात शाळेची वही. पाच बहिणींत त्या थोरल्या आणि मसाला आपल्याला न सांगता आई गेली हा राग त्यांनी चार वर्षं जपून ठेवलेला. बोचक्यातनं त्यांनी आत्याबाईंच्या जुन्या लुगड्यांची वाकळ काढली.

"ही अंगावर घाल, विरू. त्वांड झाकल्यावर अव्वाला पोरगं वळखू कसं येणार? वाकळ बघून वळखंल."

मग वही उघडली, पेन्सिलीला टोक केलं आणि उशाला स्टूल ओढलं. "मी हितं बसणार. त्यो बोलंल तसं लिवून घेनार. तू तिकडं लांब बस गं. मसाला सुनंच्या कानावर जातोय म्हटल्यावर अव्वा बोलायची न्हाई."

मी लांब बसले. लसणाची पाटी मात्र बरोबर घेतली.

हे वाकळ पांघरून आडवे झाले. मी पट्टे नीट बसवले, बटण दाबलं. मशीन फुसफुसायला लागलं. पाच मिनिटांत ह्यांचा डोळा लागला. आणि सोप्यात अशी शांतता पसरली, जी मी लग्न झाल्यापासून ऐकली नव्हती. छाती वरखाली होत होती. एकसारखी. मी मोजायला सुरुवात केली आणि तीनाच्या पुढं मोजायला काही मिळेचना. माझा जीव असा भांड्यात पडला की डोळ्यांत पाणीच आलं. लसणाचं म्हणून मी ते पुसलं.

गौराक्कांना मात्र भाऊ झोपला की घोरतो एवढंच ठाऊक. त्यांनी दहा मिनिटं वाट पाहिली. कान पुढं केला. मग वही फेकून दिली.

"यव्वा! आवाज बंद पडला! गेला गं माझा विरू!"

त्यांनी अशी बोंब ठोकली की समोरचा सलूनवाला गिऱ्हाइकाच्या गालाला साबण तसाच ठेवून आला. मागोमाग ते गिऱ्हाईकही आलं. रसवंतीवाला आला, स्टँडवरची चार माणसं आली. सगळे फळी बाजूला करून सोप्यात घुसले तर कॉटवर आमचे हे, अंगावर लुगड्यांची वाकळ, तोंडाला सोंड, उठून बसलेले. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले.

ह्यांनी मुखवटा ओढून काढला. माणसं गेल्यावर मी मनात म्हटलं, झालं, आता हे मशीन माळ्यावर जाणार. हे नळी गुंडाळत म्हणाले, "पाणी आलं न्हाई आज."

"काय?"

"अव्वा आली हुती. पाणीच आलं न्हाई. पायबी कोरडं. ती बसायला जागा बघत हुती, तेवढ्यात..." आणि त्यांनी गौराक्कांकडं जे पाहिलं, ते पाहून चार वर्षांची माझी भरपाई झाली. "आक्का, उद्या तू भाईर बसायचं. फळीवर. आत यायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मशीन त्यांनी स्वतः लावलं. गौराक्का बाहेर फळीवर बसून स्टँडवरच्या माणसांना गप्प बसवत होत्या, त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा. आत हे झोपले ते झोपलेच. तास झाला, दीड तास झाला. मुखवट्याखाली ओठ हलले. एकदा हसलेसुद्धा. मी जागची हलले नाही.

सव्वाचारला त्यांनी आपणहून डोळे उघडले. मुखवटा काढला, पत्र्याकडं बघत पडून राहिले. डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या.

"बोलल्या?" मी विचारलं. त्यांच्या उत्तराची मला धास्ती होती. का, ते सांगतेच.

"बोलली."

"काय?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मग हाक मारली, "आक्का!"

गौराक्का वहीसकट आत आल्या. ह्यांनी बहिणीकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं पाहिलं, आणि घसा खाकरून म्हणाले, "खसखस. भाजल्याली. चिमूटभर."

"खसखस!" गौराक्कांनी कपाळावर हात मारून घेतला आणि वहीत मोठ्या अक्षरात लिहून घेतलं.

"खसखस होय!" मीही म्हटलं. "आणि मी चार वर्षं डोकं फोडतेय."

आता सांगते. आत्याबाईंच्या मसाल्यात खसखस नव्हती. कधीच नव्हती. मला ठाऊक होतं, कारण पूर्ण मसाला मला येत होता.

आत्याबाई दार लावून मसाला करायच्या हे सगळं गाव सांगतं. पण आत कांडायला कोण होतं, हे कुणी विचारलंच नाही. सून आत असली काय आणि मुसळ आत असलं काय, सारखंच. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी मला एकेक जिन्नस हातात देऊन प्रमाण शिकवलं आणि शपथ घातली. "लेकींना सांगितला तर सासरी घिऊन जातील. पोराला सांगितला तर गिऱ्हाइकाला सांगत बसंल. तुझ्यापाशी ठेव. मग ह्या घरातनं तुला कुणी ऊठ म्हणायचं न्हाई." त्या कधी कुणाला चांगलं म्हणायच्या नाहीत. मलाही म्हणाल्या नाहीत. पण हे दिलं.

म्हणजे चार वर्षं मी आत्याबाईंचाच मसाला करत होते, रतीभर फरक न करता. आणि त्यांचा मुलगा तो खाऊन मान हलवत होता. सांगते कुणाला? शपथ होती. स्वप्नात आत्याबाई माझं नाव घेतील, हीच ती धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दार लावून घेतलं आणि मुसळाचा असा दणदणाट केला की गौराक्कांना बाहेर समाधान वाटावं. खसखशीचा नवा डबा फळीवर ठेवला. त्याचं सील फोडलं नाही. रोजचाच मसाला रोजच्याच प्रमाणात केला. कढई चढवली, तेलात लसूण टाकला आणि चुरमुऱ्यांचं पोतं सोडायला वळले.

"महानंदा! लसूण करपतोय बघ!"

हे सोप्यातनं ओरडत होते. भिंतीपलीकडनं. मी वळून पाहिलं, लसूण नुकताच कुठं तांबूस व्हायला लागला होता. मी उलथनं घेतलं आणि तशीच उभी राहिले. गोळ्या, फवारा, द्राक्षाचे मणी, 'कसला वास?'... सगळं एकदम डोक्यात उजेड पडल्यासारखं झालं. मसाला चार वर्षं बरोबर होता. नाक बंद होतं.

पहिला घाणा निघाला. ह्यांनी चार दाणे तोंडात टाकले, डोळे मिटले. मान हलली नाही. नंतर मूठभर घेतलं, नंतर पसाभर.

"हीच," ते म्हणाले. "हीच चव."

गौराक्कांनी बकाणा भरला. "हीच गं माझ्या अव्वाची! कायतरी ऱ्हायलंय म्हणून मी सांगत न्हवते?" अथणीला जाताना त्या दोन किलो भडंग आणि ती वही घेऊन गेल्या. त्यांच्या घरी खसखस घालून भडंग झालं. कसं झालं ते त्यांनी कधी कळवलं नाही.

मी मूग गिळून बसले. श्रेय आत्याबाईंना गेलं, माझ्या हाताला कुणी काही म्हटलं नाही. जरा लागलं, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवसापासून मशीन एकाही झोपेला चुकलं नाही. लग्नकार्याला जायचं असलं तर कपड्यांच्या आधी हे मशीन पिशवीत भरतात. मला एवढंच हवं होतं.

ह्याला अकरा वर्षं झाली. गेल्या पाडव्याच्या आधी मी फळ्या पुसत होते आणि हे वाणसामानाची यादी लिहीत होते. मी एकेक सांगत गेले, धने, जिरं, सुंठ, खसखस...

"खसखस कशाला?"

"मसाल्याला," मी पुसता पुसता म्हटलं.

"हाय की डबा. तुझ्या हाताशीच हाय. अकरा वर्षं झाली, अजून सील फोडलं न्हाईस."

माझ्या हातातलं फडकं थांबलं. हे यादीतनं मान वर न करता हसत होते.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"दुसऱ्याच दिवशी. मसाला चाखला आन् डबा बघितला."

"मग अकरा वर्षं बोलला नाहीत?"

"तू तरी कुठं बोललीस?"

मी स्टुलावर बसले. "आत्याबाई खसखस म्हणाल्या नव्हत्या तर?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "न्हाई. मसाल्याचं नावच काढलं न्हाई तिनं. आली, दुकानातल्या बाकावर बसली. मला म्हणाली, भूक लागलीया. मी तुझ्या हातचा एक पुडा दिला. सगळा खाल्ला. कागद उपडा करून झटकला, बोट चाटलं, आन् म्हणाली, अजून एक दे. दुसराबी खाल्ला. म्हणाली, पोरीला सांग, अगदी माझ्यासारखं झालंय."

जिवंतपणी त्या बाईनं मला कधी एवढं म्हटलं नव्हतं.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"कसं सांगणार? चार वर्षं गिऱ्हाइकाम्होरं तुझ्या हाताला नावं ठेवली. आन् दारात आक्का वही घिऊन हुभी. घाबरलो. त्वांडाला आलं ते बोललो." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "लई दिवस सांगायचं हुतं. आता आक्काबी न्हाई, म्हटलं सांगून टाकावं."

मी पदरानं डोळे पुसले. ह्या वेळी लसूण नव्हता, त्यामुळं सबब नव्हती. त्यांनी ते बघितलं आणि लगेच फायदा घ्यायला पुढं सरकले.

"आता तूबी खरं सांग. अव्वानं मसाला तुला दिला हुता, का न्हाई?"

मी उठले. खसखशीचा डबा पुसला आणि जागच्या जागी ठेवला.

"दोन वाजले. झोपायची वेळ झाली तुमची," मी म्हटलं. "आत्याबाई येतीलच. त्यांनाच विचारा."

हे मोठ्यानं हसले, कॉटवर आडवे झाले आणि आपल्या हातानं मुखवटा चढवला. मशीन फुसफुसायला लागलं. मी पाटी घेऊन शेजारी बसले. जुन्या सवयीनं एक, दोन म्हटलं, आणि पुढं न मोजता लसूण सोलायला घेतला.